घरी राहिलेल्यांची मोजणी

पुणतांबा गावाला लागून गोदावरी वाहते. गाव दक्षिण काठावर, राहाता तालुक्यात. पल्याड कोपरगाव तालुक्यातलं कान्हेगाव, वारी आणि साकरवाडी. चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे आणि अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेल्या घाटामुळे भाविकांना हे गाव पूर्वीपासून ठाऊक आहे. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रालाही ते ठाऊक झालं. रेल्वेच्या लेखी पुणतांबा म्हणजे दौंड–मनमाड मार्गावरचं जंक्शन. शिर्डीला जाणारा सुमारे 17 किलोमीटरचा फाटा इथून फुटतो, आणि मनमाडकडे निघालेली गाडी गाव सोडते न सोडते तोच गोदावरीच्या पुलावर चढते.

हा पूल काही दिवस बंद ठेवावा लागला तर काय होईल? उत्तर कुणाच्या बाजूने द्यायचं, यावर ते अवलंबून आहे. त्यासाठी आधी या मार्गाचा जन्म पाहू.

मुंबईहून निघालेल्या रेल्वेच्या दोन मोठ्या वाटा कल्याणला फुटतात. एक थळ घाट चढून इगतपुरी, नाशिक, मनमाड करत भुसावळला जाते. दुसरी बोरघाट चढून पुणे, दौंड करत सोलापूरला. जुन्या काळी एका वाटेवरून दुसरीवर जायचं तर घाट उतरून कल्याण गाठायचं आणि पुन्हा दुसरा घाट चढायचा, एवढाच उपाय होता. 1878 मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि या दोन वाटा पठारावरच्या पठारावर जोडल्या गेल्या. म्हणजे पुणतांब्यावरून जाणारी ही वाट जन्मापासूनच वळसा वाचवणारी आहे. ती बंद पडली की गाड्या आपल्या जुन्या वळशाला लागतात. दुहेरीकरणाच्या कामासाठी या मार्गावर ब्लॉक घेतले गेले, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या लोणावळा–पनवेल–कल्याणमार्गे वळवल्या गेल्या होत्या.

आता अंतरं पाहा. पुण्याहून मनमाड दौंडमार्गे साधारण 310 किलोमीटर आहे आणि कल्याणमार्गे साधारण 345. फरक फार नाही. दोन घाट आणि कल्याणची गर्दी यांत वेळ जातो, पण पुण्याहून दिल्लीला किंवा हावड्याला निघालेला माणूस काही तास उशिरा का होईना, पोचतो. जेवणाचा डबा एक वेळ जास्त लागतो, एवढाच त्याचा हिशेब. कोपरगावला किंवा येवल्याला जायला पुणतांब्याच्या फलाटावर उभा असलेल्या माणसासमोर मात्र गाडीच येत नाही. रेल्वेच्या पत्रकात ती गाडी ‘वळवलेल्या’ गाड्यांच्या यादीत असते, या माणसासाठी ती रद्द झालेली असते. एकच पूल, एकच बंद आणि एकच पत्रक. लांबच्या प्रवाशाला त्यात वळसा मिळाला आणि जवळच्याला काहीच मिळालं नाही.

मोठा पूल बंद होतो तेव्हा बातम्यांत कोंडी दिसते, रांगा दिसतात, ताटकळलेले ट्रक दिसतात. हे सगळे निघालेले लोक आहेत. जे निघालेच नाहीत ते रस्त्यावर दिसत नाहीत, म्हणून मोजले जात नाहीत, आणि पूल बंद होण्याची सगळ्यांत जड किंमत बहुतेक वेळा त्यांनीच मोजलेली असते.

गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, माणसाला पुलाचं बंद होणं नवं नाही. नाशिकला गंगापूर आणि दारणा या धरणांतून पाणी सुटलं की ते नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात येतं आणि तिथून खाली कोपरगाव, पुणतांबा करत जायकवाडीकडे जातं. पावसाळ्यात या पट्ट्यात ‘विसर्ग’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला होतो. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. आकडा हजारांत असेल तर माणसं मोटारी आणि पाइप काठावरून वर ओढतात. लाखाच्या पुढे गेला की कोपरगावचा लहान पूल पाण्याखाली जाणार हे गृहीत धरून दुसऱ्या दिवशीचे बेत बदलतात. नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून पुराचा अंदाज घेतात आणि खालच्या गावांतले लोक तो फोटो मोबाइलवर पाहून आपला अंदाज बांधतात.

या बंदमध्ये एक सोय आहे, ती म्हणजे तो आधी कळतो. वरच्या धरणातून सुटलेलं पाणी खाली यायला काही तास लागतात. त्या तासांत ज्याला पल्याडच्या पाहुण्यांकडे मुक्काम करायचा आहे तो निघून जातो, दवाखान्याची तारीख असलेला फोन करून ती पुढे ढकलतो, शाळेतल्या बाई मुलांना लवकर सोडतात. आगाऊ कळलेल्या आणि अचानक कोसळलेल्या बंदमध्ये केवढं अंतर आहे, हे 2 ऑगस्ट 2016 या एकाच दिवसाने महाराष्ट्राला दाखवलं. त्या दिवशी नाशिकला गोदावरीचा मोठा पूर होता आणि खालच्या गावांना इशारे जात होते. त्याच रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी कमानींचा पूल कुणालाही काही न कळता वाहून गेला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली, आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. कितीतरी कुटुंबांना आपल्या माणसाचा देहसुद्धा मिळाला नाही.

महाडची एक बाजू या विषयासाठी महत्त्वाची आहे. कोसळलेल्या पुलाशेजारी दुसरा, नंतरच्या काळात बांधलेला पूल उभा होता. त्याची तपासणी करून त्यावरून दोन्ही दिशांची वाहतूक सुरू झाली आणि मुंबई–गोवा महामार्ग तुटला नाही. नवा पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017 ला खुला झाला. शेजारी दुसरा पूल नसता तर दुर्घटनेपासून तोवरचे महिने कोकणाला फार जड गेले असते. अभियंते याला जाळ्यातली शिल्लक क्षमता म्हणतात. एक दुवा तुटला तर त्याचं काम उचलायला दुसरा हवा. रोजच्या दिवशी ही शिल्लक खर्चीक आणि अनावश्यक वाटते. दौंड–मनमाड मार्गाच्या दुहेरीकरणाकडेही असं पाहता येतं. दुसरा रूळ टाकताना प्रत्येक नदीवर दुसरा पूल घालावा लागतो. गाड्या वाढवायला केलेली ही सोय उद्या एका पुलाच्या दुरुस्तीच्या वेळी गावाची वाट उघडी ठेवेल.

पूल बंद झाल्यावर वाहतुकीचं नेमकं काय होतं, याचा अभ्यास जगात बराच झाला आहे. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा एक महामार्गाचा पूल 1 ऑगस्ट 2007 रोजी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कोसळला. 13 माणसं गेली. त्या पुलावरून दिवसाला सुमारे 1 लाख 40 हजार वाहनं जात असत. आता शहर ठप्प होणार असं सगळ्यांना वाटलं. तसं झालं नाही. सरकारने जवळच्या महामार्गांवर तातडीने मार्गिका वाढवल्या, लोकांनी वाटा बदलल्या, घरून निघायच्या वेळा मागेपुढे केल्या, आणि काही आठवड्यांत शहराची घडी पुन्हा बसली. 18 सप्टेंबर 2008 ला नवा पूल खुला झाला तोवर बहुतेकांनी आपापली सोय लावून घेतली होती.

ब्रिटनमधल्या सॅली केर्न्स, फिल गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 देशांतली 70 हून अधिक उदाहरणं गोळा केली. रस्ते किंवा पूल बंद झाले, अरुंद केले गेले किंवा बस-पादचाऱ्यांसाठी राखून ठेवले, अशी ती उदाहरणं होती. बंद रस्त्यावरची वाहनं शेजारच्या रस्त्यांवर गेली तरी दोन्हींची बेरीज पहिल्याइतकी भरत नाही, असं त्यांना दिसलं. 2002 साली छापलेल्या त्यांच्या लेखात सरासरी घट सुमारे 22 टक्के आहे. मधली किंमत, म्हणजे निम्मी उदाहरणं वर आणि निम्मी खाली असा आकडा, सुमारे 11 टक्के आहे. काही मोजक्या ठिकाणी घट फार मोठी होती, म्हणून सरासरी वर गेली. या अभ्यासाचं नाव ‘नाहीशी होणारी वाहतूक’ असं पडलं आणि शहरांचे रस्ते माणसांसाठी मोकळे करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार मिळाला. तो आधार योग्यच होता. रस्ता बंद केला की हाहाकार होतो, ही भीती बहुतेक वेळा फुगवलेली असते.

लंडनचा अनुभव याहून उत्साहवर्धक आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. काही स्थानकं बंद होती, काही चालू. लार्कम, राऊख आणि विलेम्स या अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांची नोंद तपासली. नाइलाजाने नवी वाट धरलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के लोक संप मिटल्यावरही त्याच नव्या वाटेने जात राहिले. वर्षानुवर्षं जाऊनसुद्धा त्यांना आपली चांगली वाट सापडली नव्हती. ती अडचणीने दाखवली.

मला हे अभ्यास मोलाचे वाटतात. पण ते गंगथडीला आणायचे तर एक प्रश्न विचारलाच पाहिजे. नाहीशी झालेली वाहतूक म्हणजे कोण? मिनियापोलिसच्या माणसाकडे गाडी होती, नदीवर दुसरे पूल होते, कामाची वेळ पुढेमागे करता येत होती. लंडनच्या माणसापुढे बस, चालत जाणं, दुसरं स्थानक असे पर्याय होते. तिथे नाहीसा झालेला प्रवास बहुधा टाळता येण्याजोगा होता. कुणी दोन खेपांची एक केली, कुणी जवळच्या दुकानात गेलं. इथे नाहीसा झालेला प्रवास अकरावीतल्या मुलीचं कॉलेज असू शकतो, किंवा साखरेच्या गोळ्या संपलेल्या आजोबांची दवाखान्याची फेरी. बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात.

आपल्या मोजणीची पद्धतही हा फरक झाकते. रस्त्यावरची वाहतूक मोजताना अभियंते प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत वजन देतात. इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण रस्त्यांसाठी 1990 साली दिलेल्या कोष्टकात मोटार 1, मोटारसायकल अर्धा, ट्रक किंवा बस 3, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी 8 धरली आहे. रस्त्याची किती जागा अडते आणि मागच्यांना किती खोळंबा होतो हे मोजण्यासाठी ते कोष्टक आहे, आणि त्या कामापुरतं ते बरोबर आहे. पण पूल बंद झाल्यावर कुणाची सोय आधी लावायची हे ठरवताना तोच आकडा पुढे येतो. 50 माणसं भरलेली एसटी त्यात 3 आहे. एकटा माणूस बसलेल्या तीन मोटारीही 3 आहेत. दप्तर घेऊन चालत पूल ओलांडणारी मुलं त्यात शून्य आहेत.

वाहतूक वळवण्याची अधिसूचनाही याच भाषेत बोलते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली ती निघते. जड वाहनांनी अमुक फाट्यावरून जावं, हलक्या वाहनांनी तमुक. वाहन नसलेल्याने कसं जावं, हा प्रश्न त्या कलमाच्या कक्षेतच नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. पण सगळा बंद याच एका कागदावर चालत असेल, तर त्या कागदात नसलेली माणसं बंदच्या काळात सरकारला दिसत नाहीत.

आता जरा जवळून पाहू. समजा पूल बंद झाला आणि एसटी अल्याडच थांबायला लागली. कंडक्टर सांगतो, “मावशी, गाडी इथवरच आहे. पुढं पलीकडून जीप मिळंल.” मावशी उतरतात. पण त्या उतरल्या तेव्हा नुसती गाडी सुटली नाही, सवलतही सुटली. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना 2022 पासून प्रवास मोफत आहे. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो आणि बाकीच्या विद्यार्थ्यांना मासिक पास एकतृतीयांश पैशांत. काळीपिवळीत यातलं काहीच चालत नाही. जीपवाला सगळ्यांकडून सारखेच पैसे घेतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर ते रास्तच आहे, डिझेल त्याच्या खिशातून जातं. म्हणजे पुलापलीकडचे थोडे किलोमीटर मोटारवाल्याला थोडे महाग पडतात, आणि ज्या मुलीचा प्रवास काल शून्य रुपयांत होत होता, तिला आज रोज रोख पैसे काढावे लागतात. घरात दोन मुलं शिकत असतील आणि पैसे एकाच्याच जीपपुरते असतील, तर कोण घरी राहील हे आपल्या गावांत कुणाला विचारावं लागत नाही.

एसटी लांबच्या रस्त्याने फिरवून नेली तरी प्रश्न संपत नाही. एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्याने ठरतं. वळसा पडला की टप्पे वाढतात. पास विशिष्ट गावापासून विशिष्ट गावापर्यंत, ठरलेल्या मार्गाचा असतो. मार्ग बदलला तर पास चालतो का, यावर एसटीच्या दारात रोज वाद होतात. आगारातून एक साधं परिपत्रक आलं की ते मिटतात. ते पहिल्याच दिवशी आलं तर फार बरं.

दुधाचं गणित वेळेचं आहे. धारा काढल्यापासून थंड होईपर्यंतचे तास मोजके असतात. चिलिंगला 4 अंशांच्या आसपास उतरवलं की दूध टिकतं, त्याआधी ते उन्हात ताटकळलं तर नासतं. डेअरीत फॅट आणि एसएनएफ लागण्याआधीच नाकाला कळतं आणि कॅन परत येतो. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन जवळपास आठवडाभर बंद पडला, तेव्हा कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाचं संकलन थांबलं आणि पुण्या-मुंबईत दुधाची टंचाई झाली. शहरात ती टंचाई बातमी झाली. गोठ्यात मात्र गाय दोन वेळा धार काढून मागतच होती, आणि त्या दुधाचं काय करायचं हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवला.

उसाला एवढी घाई नसते, पण तोडल्यापासून दर दिवसाला वजन आणि उतारा दोन्ही घटतात. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पर्यायी म्हणून दाखवलेल्या गावरस्त्यावर वळत नाही, हे तो रस्ता नकाशावर दाखवणाऱ्याला माहीत नसतं.

आणि मग येते ती सगळ्यांत धोक्याची निवड, म्हणजे बंद असलेल्या पुलावरूनच जाणं. वळसा लांब असला की माणूस पाण्याकडे बघतो, गुडघ्याएवढंच तर आहे म्हणतो आणि गाडी घालतो. वाहत्या पाण्याचा जोर डोळ्याला कळत नाही. 15 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नसलेलं वेगाचं पाणी उभ्या माणसाचे पाय उपटू शकतं. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहनं वाहून जातात. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तो पूल धोकादायक आहे हे आधीच सांगितलेलं होतं. नुसत्या फलकाने पूल बंद होत नसतो. दुसरी वाट दिली आणि दारात माणूस उभा केला, तरच तो बंद होतो.

शहरात हीच गोष्ट वेगळ्या आकारात घडते. अंधेरीचा गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 ला बंद झाला. त्याआधी 3 जुलै 2018 ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता. एक बाजू उघडायला 26 फेब्रुवारी 2024 उजाडला, आणि तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंची जुळत नसल्याचं निघालं. पूर्ण पूल मे 2025 मध्ये खुला झाला. अडीच वर्षं! त्या काळात वाहनं जोगेश्वरीच्या उड्डाणपुलावर, विलेपार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर, मिलन उड्डाणपुलावर लोटली. चालणाऱ्याला स्टेशनचे पादचारी पूल होते आणि 2014 पासून धावणारी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो पूर्व-पश्चिम जोडत होती. अंधेरीत सर्वांत जास्त रखडला तो गाडीत बसलेला माणूस, आणि पूर्वेकडून कूपर रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका. गावाकडे याच्या नेमकं उलट होतं. तिथे गाडी असलेला सुटतो आणि चालणारा अडकतो. त्यामुळे मुंबईतल्या बंदचा आराखडा जसाच्या तसा अहिल्यानगर जिल्ह्यात आणला तर तो चुकीच्या माणसाला मदत करेल.

बंद लांबला तर तो माणसांच्या सवयीच नव्हे, गावाची रचनाही बदलतो. याचं सगळ्यांत शिकवणारं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं आहे. होबार्ट शहर डरवेंट नदीच्या दोन्ही काठांवर वसलं आहे. 5 जानेवारी 1975 च्या रात्री खनिज घेऊन जाणारं ‘लेक इलावारा’ हे जहाज टास्मान पुलाच्या खांबांवर आदळलं, पुलाचा तुकडा खाली आला आणि 12 माणसं मेली. पूर्व काठावर घरं होती. कचेऱ्या, मोठी रुग्णालयं आणि बहुतेक नोकऱ्या पश्चिम काठावर. काही मिनिटांची वाट रस्त्याने सुमारे 50 किलोमीटरची झाली. फेरीबोटी सुरू झाल्या, धक्क्यावर रोज रांगा लागल्या, वर्षअखेरीस तात्पुरता पोलादी पूल उभा राहिला. मूळ पूल ऑक्टोबर 1977 मध्ये उघडला.

पावणेतीन वर्षांत पूर्व काठ बदलून गेला. तिथे दुकानं आली, दवाखाने आले, कचेऱ्या आल्या, कारण माणसांना रोज नदी ओलांडणं परवडत नव्हतं. पूल उघडला तेव्हा पूर्वीइतक्या गोष्टींसाठी पलीकडे जायची गरज उरली नव्हती. 1984 मध्ये नदीवर वरच्या बाजूला बोवेन नावाचा दुसरा पूल झाला. त्याच काळात अभ्यासकांनी मानसिक ताण, कुटुंबांतली ओढाताण, एकाकीपण यांचीही नोंद घेतली. घरी राहिलेल्या माणसांची मोजणी करणं शक्य आहे, हे होबार्टने दाखवून दिलं.

आपल्याकडे ही मोजणी करायला नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. ती आधीपासूनच चालू आहे, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत. शाळेच्या हजेरीपटावर पल्याडून येणारी किती मुलं गैरहजर आहेत ते लिहिलेलं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत प्रत्येक रुग्णाचं गाव असतं. दूध संस्थेच्या संकलनात कुणाचं दूध आलं नाही हे सकाळी सातलाच कळतं. एसटीच्या तिकीट यंत्रात कुठून कुठवर किती तिकिटं गेली, त्यात मुलींचे पास किती आणि ज्येष्ठ किती, याची नोंद असते. पूल बंद होण्याआधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा एवढे दोनच रकाने मांडले, तर कुठल्या गावचा कोण घरी बसला आहे ते नावानिशी समोर येतं.

ते समोर आलं की काय करायचं हे फार अवघड नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना एकेक एसटी उभी ठेवायची आणि एकाच तिकिटावर, त्याच सवलतीत, दोन्हींतून प्रवास करू द्यायचा. पूल चालण्याइतका मजबूत असेल तर वाहनांआधी माणसांना सोडायचं. लंडनचा हॅमरस्मिथ पूल ऑगस्ट 2020 मध्ये पूर्ण बंद केल्यावर जुलै 2021 मध्ये आधी चालणाऱ्यांना आणि सायकलींनाच खुला केला होता. दूध संस्थेला पल्याड तात्पुरता बल्क कूलर द्यायचा. आरोग्य केंद्राने नेहमीच्या औषधांचा महिन्याचा साठा आशाताईंकरवी पलीकडच्या घरांत पोचवायचा. रेल्वेचा पूल असेल तर वळवलेल्या गाडीच्या बदल्यात मधल्या स्थानकांसाठी बस लावायची आणि रेल्वेचा मासिक पास त्या बसमध्ये चालवून घ्यायचा.

कलम 115 च्या अधिसूचनेला यासाठी दुसरं पान जोडावं लागेल. त्यावर वाहनांचा उल्लेख नको. पल्याडच्या प्रत्येक गावापुढे शाळा, दवाखाना, बाजार आणि डेअरी असे चार रकाने असावेत, आणि पूल बंद असेपर्यंत प्रत्येक ठिकाणी माणूस कसा पोचेल हे एकेका ओळीत लिहिलेलं असावं. ज्या रकान्यात लिहायला काही सुचणार नाही, तिथली एसटी किंवा होडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायला हवी. आठव्या दिवशी हजेरीपट, बाह्यरुग्ण नोंदवही, दुधाचं रजिस्टर आणि एसटीचा तिकिटांचा गोषवारा तहसील कचेरीत एका टेबलावर मागवावेत. चारही कागद ताडून पाहायला एक दुपार पुरते.